एका मतदाराचं केंद्र

३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पत्राला उशीर झाला. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा उठून मुलांच्या वह्या तपासत बसले. धाकटीला जाऊन चार महिने झाले. माझी धाकटी जाऊ, म्हणून लग्न झाल्यापासून मी तिला धाकटीच म्हणत आले, आणि पाकिटावर तुमचा पत्ता घालताना हात अजून दोघांची नावं लिहायला जातो. या वेळी एकच लिहिलं आणि पेन खाली ठेवून नुसती बसून राहिले. रडू आलं नाही. हल्ली येत नाही.

आता कामाचं. बावीस मार्चला निवडणूक आहे. केंद्र क्रमांक दोनशे अकरा, म्हणजे तुमचं स्वयंपाकघर, याही वेळी मीच मागून घेतलं. सहा तास होडीत बसून तिकडे जायला दुसरं कुणी तयार होत नाही, त्यामुळे केंद्राध्यक्ष बाई मतदाराची सख्खी वहिनी आहे याकडे निवडणूक कचेरीतले साहेब सोयीस्कर काणाडोळा करतात. मागच्या वेळी दोन मतदारांसाठी आम्ही चौघं आणि एक पेटी असे आलो होतो. आता एका मतदारासाठी तेवढीच वरात. तुमचे दादा म्हणाले, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." मी म्हटलं, असू दे. मतदार एकच असला तरी पेटीने त्याच्या दारात जायचं, असा आपल्याकडे कायदा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. ते पेपरमागे तोंड लपवून हसले.

एक नवीन परिपत्रकही आलंय. तुम्हाला ठाऊक असेल, पन्नासपेक्षा कमी मतं असलेल्या केंद्राची पेटी आजवर शेजारच्या केंद्राच्या पेटीत कालवून मगच मोजत. तुमची पेटी धक्क्यावरच्या केंद्राबरोबर एका टेबलावर उपडी करायची, पत्ते पिसतात तशा चिठ्ठ्या पिसायच्या, मग मोजणी. आता ते बंद. प्रत्येक केंद्राचा निकाल वेगळा मोजून कचेरीच्या फलकावर लावणार. मागणी विरोधातल्या लोकांचीच होती, या कालवाकालवीत चिठ्ठ्या गायब होतात म्हणून. ती मान्य झाली तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. सगळं उघड्यावर मोजलं की लबाडीला जागा उरत नाही.

पोटभर जेवत जा. वाईट वाटत असेल तर मला लिहा. घोट गिळून बसू नका.

तुमची,
वहिनी

१८ फेब्रुवारी

ती. वहिनी, नमस्कार.

आज सकाळी आठ वाजता तलावाची पातळी चार मीटर वीस. काल चार मीटर एकवीस होती. इथल्या बातम्या संपल्या.

जेवतो. झोपतो. पाण्यातली मोजपट्टी वाचतो, वहीत आकडा लिहितो, पंधरा दिवसांनी होडी आली की त्याची नक्कल खात्याकडे पाठवतो. वाईट वाटतं का, असं तुम्ही विचारलंत. वाटायला हवं तेवढं वाटत नाही. पाय बधिर होतो तेव्हा चिमटा काढला तर दिसतो पण लागत नाही, तसं आहे. मला वाटलं होतं की ही गेल्यावर मी मोडून पडेन. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजता पट्टी वाचली. त्याचीच कधीकधी लाज वाटते.

तुम्ही या. मतदानाच्या दिवशी ही पहाटे उठून सगळी भांडी आतल्या खोलीत हलवायची, आठवतं ना? आमच्याच स्वयंपाकघरात आम्ही मतदार म्हणून मागच्या दाराने बाहेर जाऊन पुढच्या दाराने आत यायचं, असा तुमचा दंडक. चहा मी केलेला, कप तुमच्या हातात, आणि तुम्ही चष्म्यावरून बघत मला विचारायचात, "आपलं नाव?" पाच-दहा मिनिटांत आम्ही दोघं मत देऊन मोकळे. मग कायद्याने पाचपर्यंत केंद्र उघडं ठेवायचं म्हणून तुम्ही सगळे दिवसभर शेंगा सोलत बसायचात. गेल्या वेळी हिने हवालदाराला मोजे विणायला शिकवले होते.

कुणाला मत दिलं ते आम्ही एकमेकांना कधीच सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायची. मी ओळखून होतो. तीही मला ओळखून असणार.

यादीत हिचं नाव अजून असेल. त्याच्यासमोर काय लिहायचं असतं ते तुम्ही लिहा. मला सही करायला सांगू नका.

आपला,
दीर

३० मार्च

प्रिय भाऊजी,

गणिताची बाई म्हणून मला एकोणतीस वर्षं झाली आणि एकाचा हिशोब मला करता आला नाही.

काल कचेरीत निकालाचा फलक बघायला गेले. केंद्र दोनशे अकरा, एकूण मतं एक. सत्तेतला उमेदवार शून्य. दुसरा, एक. मी ती ओळ तीनदा वाचली. शेजारी आमच्या शाळेचा लेखनिक उभा होता, तोच, दर वेळी आपल्याकडे यादी धरून बसणारा. तो हळूच म्हणाला, "बाई, ही तर भाऊजींची सहीच झाली."

धक्क्यावरच्या सहाशे चिठ्ठ्यांत तुमची एक पडली असती तर ती कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी ते परिपत्रक वाचलं, टाळ्या वाजवल्या, तुम्हाला कौतुकाने कळवलं, स्वतःच्या हाताने तुमच्या हातात शिक्का दिला, पुठ्ठ्याचा आडोसा नीट उभा केला आणि तुमच्याकडे पाठ करून उभी राहिले. कशासाठी? तुम्ही शिक्का कुठे मारलात ते आता रस्त्याने जाणारा माणूससुद्धा वाचू शकतो.

निवडून सत्तेतलाच आला, घसघशीत मतांनी. एवढ्या मोठ्या ढिगात तुमच्या एका मताकडे कोण बघतंय, असं दादा म्हणतात. देव करो आणि त्यांचं खरं होवो. पण मला भीती वाटते, आणि ती माझ्या चुकीमुळे वाटते. तुमच्या तरी लक्षात आलं होतं का?

वहिनी

१६ एप्रिल

ती. वहिनी, नमस्कार.

पातळी तीन मीटर अठ्ठ्याण्णव.

लक्षात आलं होतं. तुमचं पत्र वाचलं तेव्हाच. एकच आकडा वाचायचा आणि तो कशाचा आहे ते ओळखायचं, हेच तर माझं काम. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पेटी घेऊन दारातून परत फिरला असता आणि मग तुमची चौकशी लागली असती. म्हणून बोललो नाही. आणि मी फार मोठं धाडस केलं असं समजू नका. धाडसाला आधी भीती वाटावी लागते. ती जिथे असते ती जागाच सध्या बंद आहे. शिक्का हातात आला, जिथे नेहमी मारतो तिथे मारला.

इकडे सगळं ठीक आहे. खात्याचे अभियंता साहेब येऊन गेले. चहा घेतला, पट्टी बघितली, वही चाळली. आकड्यांत काही चूक सापडली नाही. जाताना हसत म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला करायचं. मीही हसलो. या तलावात मासे फारसे नाहीत, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. सामानाची होडी आता पंधरा दिवसांऐवजी महिन्याने येईल म्हणाले. मनुष्यबळ कमी पडतंय म्हणे.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. दादांना नमस्कार.

आपला,
दीर

२ सप्टेंबर

प्रिय भाऊजी,

हे पत्र टपालात टाकत नाही, नावाड्याच्या हातात देते. टपालाने आलेली पाकिटं हल्ली नीट चिकटलेली नसतात. डिंक खराब असेल.

तुमची पत्रं एवढीशी येतात. "ठीक आहे" हे दोन शब्द मी शाळेत रोज शंभर पोरांच्या तोंडून ऐकते आणि त्यातली नव्वद गृहपाठ न करता आलेली असतात. तेव्हा खरं काय ते लिहा.

इकडचं काय सांगू? काही घडलं नाही. म्हणजे बोट ठेवून हे बदललं असं दाखवता येत नाही. पेपर रोज येतो. शाळा वेळेवर भरते. कुणाला रस्त्यातून उचलून नेलेलं मी पाहिलेलं नाही. फक्त त्या फलकाची नक्कल सगळ्यांच्या घरी झाली आहे. कुठल्या गल्लीने किती मतं कुणाला दिली ते भाजीवालीलाही पाठ आहे. आमच्या गल्लीत दुसऱ्या बाजूला दोनशे सात पडली होती. आमच्या नळाला आता एक दिवसाआड पाणी येतं. पलीकडच्या गल्लीत रोज येतं. लेखी असं काहीच नाही, आणि विचारलं तर पाइप जुना आहे म्हणतात. पाइप दोन्ही गल्ल्यांचा एकच आहे. मग गल्लीतलेच लोक आपापसांत म्हणायला लागले की कशाला उगाच हात दाखवून अवलक्षण, पुढच्या वेळी सरळ मारू या. तसं म्हणणारे वाईट नाहीत हो. त्यांच्या घरी लहान पोरं आहेत.

शिक्षकांच्या खोलीत पूर्वी निवडणुकीवरून अशी जुंपायची की चहा गार व्हायचा. आता आम्ही चहा गरम पितो. दादा पेपर मोठ्याने वाचायचे, दर ओळीला शेरा मारत. आता मनात वाचतात आणि घडी घालून ठेवतात. मी विचारलं, काही विशेष? म्हणाले, हवामान बरं आहे. मला भांडायला हवं होतं. मी डाळीला फोडणी दिली.

शाळेत माझं सगळं व्यवस्थित आहे. ते अभियंता पुन्हा आले होते का?

वहिनी

२० सप्टेंबर

ती. वहिनी, नमस्कार.

पातळी पाच मीटर चाळीस. तलाव भरला आहे.

मागे लिहिलं नाही ते आता लिहितो. मे महिन्यात खात्याची नोटीस आली. पट्टी वाचायला माणसाची गरज नाही, यंत्र बसवणार, सबब पद रद्द करून राहती जागा खाली करून घेण्याचं विचाराधीन आहे. यंत्र आलेलं नाही. साहेबांना विचारलं तर म्हणाले, यंत्राचं काय, येईलही, नाहीही येणार, तुमच्याकडे बघून ठरवू. मला वाटतं यंत्र नाहीच.

नोटीस वाचून काही वाटलं नाही. जायचं तर जाऊ, असं म्हणून कपाट आवरायला घेतलं. वरच्या खणात हिचे कपडे, वाचायचा चष्मा, औषधांची अर्धी राहिलेली पाकिटं. सगळं काढून पलंगावर मांडलं. तासाभराने बघतो तर सगळं जसं होतं तसं परत लावून ठेवलेलं. मीच लावलं होतं. तेव्हा कळलं की मला इथून जायचं नाही. इतक्या महिन्यांत स्वतःबद्दल कळलेली ही एकच गोष्ट. आम्ही इथे एकवीस वर्षं राहिलो. दुसऱ्या कुठल्याही घरात ती कधी नव्हतीच, मग तिथे मला तिची आठवण तरी कशावरून येणार?

साहेब दोनदा आले. चांगलं बोलतात. पुढच्या मतदानाला बघू, म्हणाले.

आपला,
दीर

५ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

ते "पुढचं मतदान" आलं. चौदा डिसेंबरला. उमेदवार नाहीत, एकच प्रश्न आहे, तो जसाच्या तसा लिहिते: "माननीय अध्यक्षांनी देशाचा कारभार अखंड चालवावा आणि त्यासाठी यापुढे वेळोवेळी मतदान घेण्याची आवश्यकता नाही, हे आपणांस मान्य आहे काय?" खाली दोन चौकोन. होय, नाही. थोडक्यात, यापुढे मत द्यायचं नाही याला मत द्यायचं. असला प्रश्न मी सातवीच्या पेपरात काढला असता तर पोरांनी मला वेड्यात काढलं असतं. प्रशिक्षणाला आम्ही दीडशे जण होतो. प्रश्न वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांनी तो वहीत उतरवून घेतला. मीसुद्धा. अक्षर छान आलं.

मत न देणाऱ्यांची यादी वेगळी लागणार आहे, तेव्हा घरात बसून राहण्याची वाटही बंद. पण ऐका. नियमावली मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, या वेळी गणितासारखी. कलम चौतीस जुनंच आहे, काढायचं त्यांच्या लक्षात राहिलेलं नाही: कामावरचा कर्मचारी त्याच मतदारसंघातला असेल तर दाखला दाखवून तो ज्या केंद्रावर काम करतो तिथेच मत देऊ शकतो. मी आमच्या चौघांचे दाखले काढले. मी, लेखनिक, शिपाई आणि हवालदार. साहेबांनी न बघता सह्या केल्या, कारण आदल्या दिवशी निघायचं तर गावात मत देणार कधी, हे त्यांनाही पटलं.

म्हणजे तुमच्या पेटीत पाच चिठ्ठ्या पडतील. फलकावर एखादं "नाही" दिसलं तरी ते पाचांतल्या कुणाचं, हे कुणाला सिद्ध करता येणार नाही, आणि सिद्ध न करता पद काढलं तर निदान तुम्हाला दाद मागता येईल. त्यांनी कालवणं बंद केलं ना, आता आपण आपलं कालवू. मागच्या वेळची चूक मला दुरुस्त करू द्या. तुमच्या मनात असेल तिथे बिनधास्त शिक्का मारा. घरही राहील आणि मतही.

कितीतरी दिवसांनी मला आज भूक लागली आहे.

वहिनी

२३ नोव्हेंबर

ती. वहिनी, नमस्कार.

पातळी पाच मीटर बारा.

या. कप पाच आहेत, एकाचा कान तुटलाय तो मी घेईन.

नावाडी म्हणत होता की मुख्याध्यापकांनी तुम्हाला दोनदा बोलावून घेतलं, तुमचा दीर असं कसं मत देतो म्हणून, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना डोंगरापलीकडच्या शाळेत बदली करण्याची भाषा केली. तुम्ही यातलं काही लिहिलं नव्हतंत. मीही नोटीस लपवली होती, तेव्हा फिटंफाट. पण दादांचं औषधपाणी तुमच्या पगारावर चालतं, एवढं ध्यानात ठेवा.

युक्ती समजली. चांगली आहे.

आपला,
दीर

२० डिसेंबर

प्रिय भाऊजी,

फलक लागला. केंद्र दोनशे अकरा. एकूण मतं पाच. होय पाच. नाही शून्य.

मी रागावलेली नाही. रागवायला अंगात काहीतरी लागतं. मला फक्त कळायला हवं. तुम्ही घाबरलात का? घाबरला असलात तर मला बरंच वाटेल, निदान तुम्हाला काही वाटलं म्हणायचं.

माझं आधी सांगते. मी "होय"वर शिक्का मारला. आडोशामागे उभी राहून पुन्हा एकदा गणित केलं, कारण एकदा माझं चुकलं होतं. एक "नाही" निघालं तर संशय तुमच्यावर जाईल, पण पुरावा नाही. दोन निघाली तर त्यातलं एक नक्की कर्मचाऱ्याचं, मग चौकशी लागणार, चौघांना वेगवेगळं बसवून विचारणार, शिपाई दोन मिनिटांत सगळं सांगणार, दाखल्यांची युक्ती उघडी पडणार आणि तुमचं घर जाणार. म्हणून पेटीत एकच "नाही" हवं होतं आणि ते तुमचंच असणार याची मला खात्री होती. अख्ख्या जगात मला त्या एकाच गोष्टीची खात्री होती. मला "नाही" मारायचं होतं, भाऊजी. हात तिकडे गेलाही होता. तुमच्यासाठी मागे घेतला.

परत येताना होडीत मी किती खुशीत होते ते आठवून मला कसंतरी होतं. पेटी मांडीवर घेऊन बसले होते. वाटत होतं की हिच्यात एक "नाही" आहे आणि मी ते सांभाळून नेते आहे.

फलक बघून जिन्यात आले तर मागून लेखनिक आला. आजूबाजूला बघून म्हणाला, "बाई, माफ करा. मी होय मारलं. म्हटलं भाऊजींचं आणि तुमचं नाही असणारच, तिसरं कशाला." एवढं बोलून तो जिना उतरून गेला. हवालदार आणि शिपाई यांना मी विचारलेलं नाही. विचारणार नाही.

देशभरात सत्त्याण्णव टक्के होय. आपल्या एकाने काही फरक पडला नसता, हे मला कळतं. तरी खरं काय ते लिहा.

वहिनी

८ जानेवारी

ती. वहिनी, नमस्कार.

घाबरलो. तुम्हाला बरं वाटणार असेल तर सांगतो, खरोखर घाबरलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. स्वतःसाठी नाही.

मी आडोशामागे गेलो तोपर्यंत तुम्हा चौघांचं मत देऊन झालं होतं. तुम्ही खिडकीशी उभ्या होतात, पाठ ताठ. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, वहिनींनी "नाही" मारलंय. एवढ्या लांब, एवढे कागद जमवून, बाई काय "होय" मारायला आल्या असतील? मग मी माझं गणित केलं. मी तुमच्याइतका शिकलेला नाही, पण एक आणि एक दोन मलाही येतं. माझंही "नाही" पडलं तर दोन होतात, आणि दुसरं कुणाचं हे शोधायला त्यांना पाच मिनिटं लागणार नाहीत. मुख्याध्यापकांनी तुम्हाला आधीच दोनदा बोलावलेलं. मी "होय" मारलं तर फलकावर एकच दिसेल, आणि ते माझंच असं सगळे धरून चालतील, कारण मागच्या वेळी माझं नाव लागलेलंच आहे. म्हणजे मत तुमचं आणि आळ माझ्यावर. घर गेलं असतं तर गेलं असतं. तेवढं मी ठरवलं होतं. हिच्या कपाटाची किल्लीसुद्धा खिशात घालून ठेवली होती.

म्हणून "होय" मारलं. शिक्का मारताना हात थरथरला. मला वाटलं, चला, अजून थरथरतो.

इकडे आता सगळं चांगलं चाललंय. होडी पुन्हा पंधरा दिवसांनी येते. नोटीस मागे घेतली, जागा मला हयातभर दिली, तसं पत्र आलंय. यंत्राचा विषय बंद. परवा अभियंता साहेब स्वतः आले, बरोबर कचेरीतले एक मोठे अधिकारी. सर्वात दुर्गम केंद्र आणि शंभर टक्के होय, म्हणून केंद्राला प्रशस्तिपत्र मिळालंय. काचेत मढवून आणलं होतं. स्वयंपाकघरात, जिथे आडोसा उभा करता त्या भिंतीवर, त्यांच्या शिपायाने खिळा ठोकून लावलं. आता तिथे पुन्हा आडोसा लागणार नाही, तेव्हा जागा मोकळीच होती.

चहा झाला. ते अधिकारी प्रशस्तिपत्राकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाच माणसं, पाच वेगळ्या कामांची. एकालाही वेगळं वाटलं नाही? एवढं एकमत कसं काय झालं?"

मी म्हटलं, "साहेब, आमचा सगळ्यांचा विचार एकच होता."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी खोटं बोललो नाही, वहिनी.

आपला,
दीर